मानसशास्त्रात एम.ए. करताय? शाखा आधी ठरवा

नागपुरात बी.ए. झालं की बरेच जण एम.ए.ला प्रवेश घेऊन मोकळे होतात, शाखेचा विचार नंतर. इथेच गाडी अडते.

रुग्णांवर उपचार करायचे असतील तर क्लिनिकल शाखा. त्यासाठी नुसती एम.ए.ची पदवी पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी, दोन्ही लागतं. फी भरण्याआधी कॉलेजचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः तपासा. माहितीपत्रकातल्या 'मान्यताप्राप्त' शब्दावर जाऊ नका. औषधं लिहून देणं मात्र मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचं काम. प्रादेशिक मनोरुग्णालयात क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ शेजारी-शेजारी काम करतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

चाचण्यांचा हात बसवा. भाटिया बॅटरी या बुद्धिमत्ता चाचणीत पाच उपचाचण्या असतात. मूल ठोकळे जुळवत असताना तुम्ही नकळत मान डोलावली, की त्याला इशारा मिळतो, गुण फुगतात आणि अहवाल चुकतो. स्टॉपवॉच हातात, चेहरा कोरा.

शाळेत समुपदेशक व्हायचं तर समुपदेशनाची पदविका जोडा. बुटीबोरी, मिहान या नागपूरजवळच्या औद्योगिक भागांकडे नजर असेल तर औद्योगिक मानसशास्त्र घ्या; तिथे भरती-प्रशिक्षणाची कामं एच.आर.च्या नावाने निघतात, जाहिरातीत 'मानसशास्त्रज्ञ' शोधत बसू नका. संशोधनाकडे वळायचं असेल तर सांख्यिकी टाळू नका.