वर्गसमीकरणाचे सूत्र वापरताना या चुका टाळा

गोव्यातील डिचोलीत माझ्याकडे शिकवणीला येणारी दहावीची बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली असतात. त्यामुळे वर्गसमीकरणाचे सूत्र त्यांच्या तोंडी ‘मायनस बी प्लस ऑर मायनस’ असे पाढ्यासारखे बसलेले असते. सूत्र चुकत नाही. चुकते ते सूत्रात काय भरायचे, हे ठरवताना.

परवा फळ्यावर २क्ष² = ५क्ष + ३ हे समीकरण होते. (वहीत मुले ए, बी, सी लिहितात, येथे अ, ब, क वापरतो. सामान्य रूप अक्ष² + बक्ष + क = ० आणि सूत्र क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/२अ.) एका मुलीने अ = २, ब = ५, क = ३ घेतले, विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालचे ब² − ४अक, २५ − २४ = १ काढला आणि −१ व −३/२ ही उत्तरे मांडली. उत्तरे इतकी नीटस होती की शंका घ्यायला जागाच नव्हती. मात्र क्ष = −१ ठेवल्यास डावी बाजू २ आणि उजवी −२ येते. सर्व पदे एका बाजूला आणून उजवीकडे शून्य उरल्याशिवाय अ, ब, क यांच्या किमती लिहूच नयेत. येथे समीकरण २क्ष² − ५क्ष − ३ = ० असे होते, विवेचक २५ + २४ = ४९ येतो आणि मुळे ३ व −१/२ मिळतात.

सामान्य रूप बरोबर लिहूनही शेजारच्या मुलाला १/२ आणि −३ ही उत्तरे आली. ‘सर, बी मायनस फाइव्ह, मग मायनस बी म्हणजे मायनस फाइव्हच ना?’ असे त्याने विचारले. ब स्वतःच ऋण असेल तर −ब धन होतो, म्हणून −(−५) असा कंस प्रत्येक वेळी लिहावा. दोन्ही मुळांची केवळ चिन्हे उलटी आली असतील, तर दोष बहुधा येथेच शोधावा. वर्ग करतानाही (−५)² हे २५ आहे. कॅल्क्युलेटरवर कंस न देता लिहिल्यास अनेकदा −२५ मिळते.

छेदातील २अ फक्त वर्गमुळाखाली लिहिण्याची चूक सूत्र कोठून आले हे पाहिल्यावर सुटते. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात श्रीधराचार्यांची रीत उद्धृत केली आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ४अ ने, गुणावे आणि ब² मिळवावा. तसे केल्यावर (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असे होते. आता वर्गमूळ घेऊन ब पलीकडे नेला की −ब आणि वर्गमूळ दोन्ही उजवीकडे एकत्र असतात, आणि २अ ने भागायचे ते त्या सगळ्यालाच. (४ ± √१२)/२ मध्ये फक्त ४ ला २ ने भागून २ ± √१२ लिहिणे ही त्याच चुकीची धाकटी बहीण. बरोबर उत्तर २ ± √३ आहे.

क्ष² = ५क्ष असे समीकरण आले तर दोन्ही बाजूंना क्ष ने भागू नये, कारण शून्य हे मूळ हरवते.

शाब्दिक उदाहरणांत क चे चिन्ह विशेष जपावे. परसातल्या मिरचीच्या वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ६० चौरस मीटर असेल, तर रुंदी क्ष धरून क्ष² + ७क्ष − ६० = ० मिळते. येथे −४अक म्हणजे +२४०. ते चुकून −२४० घेतले तर विवेचक ऋण येतो आणि मुले बेधडक ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून मोकळी होतात. मिरच्या लागलेला वाफा मात्र समोर असतो. विवेचक खरे तर २८९, मुळे ५ आणि −१२. रुंदी ऋण नसते, म्हणून ५ मीटर घ्यायची आणि लांबी १२ मीटर. टाकून दिलेल्या −१२ मध्ये लांबीचाच आकडा कसा, असे हुशार मुले विचारतात: लांबीला चल धरले तर समीकरण क्ष² − ७क्ष − ६० = ० होते आणि त्याची मुळे १२ व −५ येतात.

ताळ्याला अर्धी ओळ पुरते. मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ यायला हवा; वाफ्याच्या पहिल्या समीकरणात ५ − १२ = −७ आणि ५ × (−१२) = −६०.