पोर्तुगीज पासपोर्ट आणि गोव्यातलं घर

पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतातला कर सुटला, असं म्हापसा-मडगावात अजून ऐकू येतं. तसं नाही. कर पासपोर्टवर ठरत नाही, भारतातल्या मुक्कामाच्या दिवसांवर आणि उत्पन्न कुठलं यावर ठरतो. गोव्यातलं भाडं, घरविक्रीचा नफा इथे करपात्रच.

घर विकताना मात्र फार जपा. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदार सहसा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो. मग रिटर्न भरून परताव्याची वाट बघत बसायचं! त्यापेक्षा सौद्याआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्या. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे मालमत्ता पतिपत्नीची सामाईक असेल तर हा नफा दोघांत निम्मा-निम्मा धरतात, म्हणून दाखल्यासाठी दोघांनीही अर्ज करावा.