अपरिचित भाषेचा माग काढताना या चुका टाळा

एखाद्या अनोळखी भाषेचं नाव कुठेतरी वाचनात येतं. आपण ते तसंच सर्चमध्ये टाकतो आणि समोर येईल ती माहिती टिपून घेतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जगात सुमारे ७ हजार भाषा आहेत आणि त्यांची नावं त्याहून कितीतरी जास्त.

‘टोंगा’चंच बघा. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची भाषा पॉलिनेशियन. झांबिया-झिम्बाब्वेमधली टोंगा बांतू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषासमूहातली. मलावीतली टोंगाही बांतूच, पण वेगळी. मोझांबिकमधली आणखी वेगळी. नुसत्या नावावर विसंबलात तर एकीचं व्याकरण दुसरीच्या खात्यावर जमा होतं. म्हणून आधी विचारा: ही भाषा कुठे बोलतात, आणि बोलणारे कोण? मग आयएसओ ६३९-३ चा, म्हणजे भाषांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, तीन अक्षरी कोड शोधा. झांबियाच्या टोंगाचा टी-ओ-आय, मलावीच्या टोंगाचा टी-ओ-जी. कोड एकदा हाती आला की पुढचा शोध त्यावरच चालवा. बोलीभाषा असेल तर तिला हा कोड बहुधा नसतो. तिथे ग्लॉटोलॉग ही जगातल्या भाषांची ऑनलाइन सूची कामी येते, कारण ती बोलींनाही स्वतंत्र कोड देते.

काहीच सापडत नसेल तर नावाची रूपं बदलून पाहा. बांतू भाषांमध्ये उपसर्गाने अर्थ बदलतो: देश लेसोथो, माणसं बासोथो, भाषा सेसोथो. एखाद्या सूचीत भाषा उपसर्गासकट असेल, दुसरीत उपसर्गाशिवाय. झांबियात चिटोंगा आणि मोझांबिकमध्ये गिटोंगा म्हणतात, म्हणजे इथे उपसर्गच दोघींना वेगळं ओळखायला मदत करतो.

जुनं नाव टाळणं हीसुद्धा चूकच, आणि ती चांगल्या हेतूने होते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या खोएखोए भाषेला जुन्या युरोपीय ग्रंथांत ‘हॉटेन्टॉट’ म्हटलंय. आज तो शब्द अपमानास्पद मानतात, आणि ते योग्यच आहे. पण एकोणिसाव्या शतकातलं साहित्य त्याच नावाखाली नोंदलेलं आहे. शोधताना तो शब्द वापरावाच लागतो. लिहिताना मात्र त्या लोकांनी स्वतःसाठी ठेवलेलं नावच वापरा.

भाषिकांचा आकडा घेताना तो कोणत्या वर्षीचा आहे ते बघाच. पन्नास वर्षांपूर्वीचा आकडाही एका पुस्तकातून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरत जातो.

आणि सूचीत नाव आहे, पण एक वाक्य, एक शब्दसंग्रहसुद्धा कुठे मिळत नाही, असं झालं तर? कदाचित ती भाषा नसेलच. प्रवाशाने गावाचं नाव भाषेचं समजून लिहिलं, किंवा एकच भाषा दोनदा नोंदली गेली, असं घडलेलं आहे. आयएसओने असे कितीतरी कोड रद्द केलेत. ग्लॉटोलॉग अशा नोंदी ‘बुककीपिंग’ नावाच्या वेगळ्या गटात ठेवतं. तिथे एकदा डोकावा, आणि मगच ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहा.