सारखं डोकं उठतं आणि घरचे म्हणतात पित्त आहे? मग हे वाचा

आमच्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत डोकं दुखायला लागलं की पहिलं नाव निघतं ते पित्ताचं. "पित्त झाला हा माका" म्हणायचं, घशात बोटं घालून उलटी काढायची, कडू पिवळं पाणी पडलं की जरा हलकं वाटतं, मग झोपायचं आणि पंधरा दिवसांनी परत तेच. अशी वर्षंच्या वर्षं काढलेल्या बायका घरोघरी आहेत, सकाळी उपाशीपोटी ऍसिडिटीची गोळी चालू आणि डोकं काही थांबत नाही. पण डोक्याची एकच बाजू ठणकत असेल, वाकलं किंवा घाटी चढली की ठणका वाढत असेल, मळमळ होत असेल, उजेड आणि आवाज नको वाटत असेल आणि हे सगळं ४ तासांपासून पार ३ दिवसांपर्यंत चालत असेल तर ते बहुतेक करून मायग्रेन असतं, म्हणजे आपली अर्धशिशी. उलटी हा त्याच दुखण्याचा भाग आहे. पोट बिघडलं म्हणून डोकं उठलं असं आपण धरून चालतो, इथे बरेचदा उलटं असतं. म्हणून नुसत्या पोटाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही.

काही जणांना डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमचमत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात किंवा नजरेचा एक तुकडा गायब होतो, साधारण ५ मिनिटं ते तासभर, त्याला ऑरा म्हणतात. आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, पट्टा आवळल्यासारखं दुखतं पण काम करता येतं, उलटी नाही, तर ते ताणाचं डोकं, त्याला विश्रांती, मानेचा व्यायाम, चष्म्याचा नंबर तपासणं यानेही बराच फरक पडतो. खाली मी जास्त मायग्रेनबद्दलच लिहिणार आहे कारण त्रास त्याचाच जास्त आणि उपाय चुकतात तेही त्यातच.

आधी घरी थांबायचं नाही ते कधी, हे बघा. डोकं एकदम, मिनिटभरात टोकाला गेलं, असं जन्मात कधी दुखलं नव्हतं असं. तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलताना जीभ अडखळणं. तापाबरोबर मान कडक होणं. फिट येणं. डोक्याला मार लागल्यानंतर (माडावरून, गाडीवरून, कसाही) वाढत जाणारं डोकं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई, डोकं दुखतंय आणि डोळ्यांसमोर अंधारी येतेय. यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा, बाम चोळत बसू नका.

आणि पावसाळ्याची एक वेगळी गोष्ट आहे आपल्याकडे. लावणीच्या दिवसांत चिखलात पाय भिजलेले असतात, पायाला कुठेतरी चिरलेलं असतं, आणि ताप येऊन डोकं जबरदस्त दुखतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, तर ते लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतं. त्याला मायग्रेन समजून अंधारात झोपू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लवकर औषध सुरू झालं तर माणूस बरा होतो आणि उशीर झाला तर किडनी, लिव्हर धरतं. तापाबरोबरच्या डोकेदुखीला डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ऍस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो, फक्त पॅरासिटामॉल.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. मालवणच्या जयंत साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय बहुतेकांच्या घरी असतंच, दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर लिहितोच आपण, त्याच चौकटीत डोकं दुखलं त्या दिवशी 'ड' लिहा, गोळी घेतली तर बाजूला 'गो', पाळी आली की गोल. बस, एवढंच, मोठी वही करायला गेलात तर चार दिवसांत सुटते. तीन महिने हे केलंत की पान समोर धरून बघा, कारण त्याच चौकटीत संकष्टी, एकादशी, चतुर्थी आधीच छापलेली असते आणि किती 'ड' उपासाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पडलेत ते न शोधता दिसतं, किती पाळीच्या दोन दिवस आधीपासून आहेत तेही. डॉक्टरकडे गेल्यावर "डोकं सारखं दुखतं" एवढंच सांगण्यापेक्षा हे पान दाखवलं तर निम्मं काम तिथेच होतं, म्हणून पान फाडून टाकू नका.

कारणांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, एक कारण सहसा पुरत नाही, ती एकावर एक चढतात. गणपतीचंच बघा ना. हरतालिकेला दिवसभर काही नाही, काही घरी पाणीसुद्धा नाही, रात्री जागरण, पहाटे उठून चतुर्थीचा स्वयंपाक, खोबरं किसायचं, गूळ-खोबऱ्याचं सारण ढवळायचं, मोदकांची वाफ तोंडावर, चुलीचा धूर, बाहेर ढोल, घरात धूप-अगरबत्ती आणि मुंबईहून आलेले चाकरमानी म्हणून वीस माणसांचं जेवण. दुपारी आरतीच्या वेळी ती बाई आतल्या खोलीत डोक्याला फडका बांधून पडलेली असते आणि सगळे म्हणतात दृष्ट लागली. यात देवाचं काही कमी न करता करता येण्यासारखं खूप आहे. उपास फळं, दूध, शहाळं घेऊन करा, निर्जळ नको. जागरण अर्धी रात्र. सकाळी चुलीपुढे बसण्याआधी वाटीभर पेज पोटात जाऊ दे, आणि घरातल्या पुरुषांनी खोबरं किसायला घ्यावं, हे मी अगदी मनापासून सांगते. मायग्रेन बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट प्रमाणात होतं आणि घरातली सगळी सणवाराची कामं पण त्यांच्याच अंगावर, त्यामुळे ही गोष्ट एकट्या तिच्या काळजी घेण्याने सुटणारी नाही.

रोजच्या दिवसात पण हेच. जेवणाची वेळ चुकवू नका, उकड्या तांदळाची पेज सकाळी घ्यायची आपली पद्धत मायग्रेनवाल्यांसाठी फार चांगली आहे, मीठ, पाणी, पोटाला आधार, तिन्ही एकदम. मे महिन्यात घामाने पाणी जातं तेव्हा पाणी, शहाळं, मीठ घातलेलं कोकम सरबत, थोडं थोडं दिवसभर. झोप रोज एकाच वेळी, रविवारी दहापर्यंत झोपलं तरी काहींना डोकं उठतं. चहा दिवसाला दोन-तीन कप ठीक आहे पण रोज सहा कप पिणाऱ्याने एका दिवशी एकदम बंद केला तर त्यानेच डोकं धरतं, कमी करायचा तर आठवड्याला एकेक कप. होडीवर जाणाऱ्यांना पाण्यावरची चकाकी, डिझेलचा वास आणि मोडलेली झोप असं तिहेरी असतं, त्यांनी काळा चष्मा, मोठ्या काठाची टोपी आणि खायला काहीतरी बरोबर ठेवायलाच हवं. सुक्या मासळीचा वास, अत्तर, फिनेल, काजूच्या भट्टीचा धूर, ज्याला जे बाधतं त्याने त्यापासून लांब राहायचं. खाण्याच्या वस्तूंची लांबलचक यादी करून एकेक बंद करत सुटू नका, तुमच्या कॅलेंडरवर तीन-चार वेळा तीच गोष्ट दिसली तरच ती सोडा. अटॅकच्या आदल्या दिवशी काहींना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, मान आखडते, तो अटॅक आधीच सुरू झालेला असतो, मग दोष त्या चॉकलेटला किंवा मानेच्या मणक्याला जातो.

डोकं दुखायला लागलंच तर वेळ घालवायचा नाही. "बघू थांबतंय का" म्हणत तीन तास काढले की मग गोळी नीट लागू होत नाही, कारण मायग्रेनमध्ये पोटाची हालचाल मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते, वर उलटी झाली तर गेलीच. हे डोकं नेहमीचंच आहे असं ओळखलंत की सुरुवातीलाच, थोडं काहीतरी खाऊन, मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या (लिव्हरचा त्रास, रोजची दारू किंवा वजन फार कमी असेल तर आधी डॉक्टरला विचारून) किंवा आयबुप्रोफेन ४००. आयबुप्रोफेन अल्सर, किडनीचा त्रास, गोळीने वाढणारा दमा आणि गरोदरपणात नको. उलटी होत असेल तर मळमळीची गोळी डॉक्टरकडून लिहून घ्या, ती बरोबर घेतली तर दुखण्याची गोळी पण जास्त चांगली लागते. याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशा खास मायग्रेनच्या गोळ्या आहेत, त्या चिठ्ठीवरच मिळतात आणि हार्टचा त्रास किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर चालत नाहीत.

मग अंधारी खोली, पंखा, आवाज बंद, कपाळावर आणि मानेवर गार फडका. बर्फ असेल तर टॉवेलात गुंडाळून. लाइट गेलेली असेल तर माठातल्या पाण्यात पंचा भिजवून पिळून ठेवा आणि कोणीतरी तो बदलत राहा. घरच्यांनी दर दहा मिनिटांनी "कसं वाटतंय" विचारू नये, मुलांना शेजारी पाठवावं, फोडणी नंतर द्यावी. सहाणेवर सुंठ किंवा जायफळ उगाळून लेप लावतात तो लावायला हरकत नाही, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कातडी भाजल्यासारखी झाली तर धुऊन टाका. मळमळीला आल्याचा चहा बरा. बाम काहींना बरा वाटतो, काहींना त्याच्या वासानेच वाढतं. पण कुठल्यातरी पाल्याचा रस नाकात किंवा कानात घालणं अजिबात नको. अर्धशिशी उतरवून घेतात सूर्योदयाच्या आधी, त्याने मनाला धीर येत असेल तर येऊ दे, फक्त हे लक्षात ठेवा की अटॅक बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपला आपणच उतरतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी जे केलं त्यालाच गुण आल्यासारखा वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्यांचे दिवस मोजा. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दुकानात सुट्या मिळणाऱ्या मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखायला लागतं. गोळी उतरली की डोकं, म्हणून परत गोळी. दुकानातून पट्टी घेतलीत ना, ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, पॅरासिटामॉल आणि कॅफिन अशी दोन-तीन नावं असतील तर ती मिश्र गोळी. अशा घरात कॅलेंडरवर जवळजवळ रोज 'ड' आणि त्याच्या बाजूला 'गो' दिसतात. तसं असेल तर गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याने बंद कराव्या लागतात, पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं, ते काढावे लागतात, मग सुटका होते. आपल्या हिशेबाने आठवड्याला दोन दिवसांच्या वर गोळी नको.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा कमी असून पण दोन दिवस अंथरुणात जात असतील, तर दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. इथे आपली माणसं अडतात. डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात, मेडिकलवाला सांगतो ही बीपीची गोळी, घरी म्हणतात तुला कुठे बीपी आहे. ऍमिट्रिप्टिलिन दिली की कोणीतरी मोबाइलवर बघून सांगतं ही डिप्रेशनची, टोपिरामेट दिली तर ही फिटची, आणि पट्टी कपाटात जाते. ही औषधं मूळची त्या आजारांची असली तरी मायग्रेनवर चालतात हे सिद्ध झालेलं आहे. कमी डोसने सुरू होतात आणि गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात, दहा दिवसांत सोडू नका. फक्त डॉक्टरला आधी सांगा: दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट (हेही फिटचंच औषध) नको, आणि फ्लुनारिझिन या आणखी एका रोजच्या औषधाने झोप आणि वजन वाढू शकतं, मन उदास होऊ शकतं. ऑरा येणाऱ्या बाईने पाळणा लांबवायच्या नेहमीच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो, दुसरे पर्याय मागा.

न्यूरॉलॉजिस्ट गावात नसतो पण सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते, ई-संजीवनीवर फोनवरून सरकारी डॉक्टरशी फुकट बोलता येतं, नाहीच भागलं तर कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल किंवा मुंबई आहेच. नेहमीचं मायग्रेन आणि तपासणीत बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा स्कॅनची गरज नसते, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून एमआरआय राहिला आणि एमआरआय राहिला म्हणून उपचार राहिला असं करू नका. जाताना तीन महिन्यांची कॅलेंडरची पानं, आत्तापर्यंत घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि बीपीचं शेवटचं रीडिंग बरोबर घ्या. रोजचं औषध लागू पडलं तर साधारण सहा महिने ते वर्षभर चालवून मग डॉक्टर ते हळूहळू कमी करतात, मनाने एकदम थांबवू नका, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल.