अभिक्रियाकारकांचे वस्तुमान काढताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या शिकवणीत अकरावीची मुले समीकरण बिनचूक संतुलित करतात आणि पुढच्याच ओळीत घसरतात. अमोनियाच्या समीकरणात नायट्रोजन व हायड्रोजन यांचे सहगुणक, म्हणजे सूत्रांआधीचे आकडे, एकास तीन असल्याने १ ग्रॅम नायट्रोजनला ३ ग्रॅम हायड्रोजन लागतो, असे लिहून ती मोकळी होतात. हे सहगुणक मोलचे असतात, ग्रॅमचे नव्हेत; मोल म्हणजे अणूंची वा रेणूंची एक ठरावीक संख्या, आणि तिचे ग्रॅममधले वस्तुमान अणुवस्तुमानाच्या वा रेणुवस्तुमानाच्या आकड्याइतके असते. नायट्रोजनचा १ मोल २८ ग्रॅम आणि हायड्रोजनचे ३ मोल ६ ग्रॅम भरत असल्यामुळे १ ग्रॅम नायट्रोजनला सुमारे ०.२१ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. म्हणजे उत्तर चक्क चौदा पटींनी चुकलेले असते.

ही चूक वही तपासताना तरी सापडते. बाटलीतून येणारी चूक अधिक फसवी. एका विद्यार्थ्याने ५.६ ग्रॅम, म्हणजे जवळपास ०.१ मोल, लोहकिसासाठी (लोह आणि कॉपर सल्फेट यांची अभिक्रिया मोलास मोल होते) कॉपर सल्फेटचे रेणुवस्तुमान १५९.६ धरून १५.९६ ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक, तोलले. द्रावणाचा निळा रंग जाऊन फिकट हिरवी झाक आली, तरी तळाशी तांब्याबरोबर लोखंड शिल्लकच होते, आणि त्याने सारे खापर वजनकाट्यावर फोडले. काटा निर्दोष होता. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत पाण्याचे पाच रेणू असतात, त्यामुळे २४९.७ हा आकडा धरून त्याने २४.९७ ग्रॅम तोलायला हवे होते. त्याच्या हाती पडले ते जेमतेम ०.०६४ मोल.

लेबलावर शुद्धता ९८ टक्के असेल, तर हिशेबातील वस्तुमानाला ०.९८ ने भागावे. पुष्कळ जण गुणतात, आणि आधीच कमी पडणारा पदार्थ आणखी कमी घेतात.

आमच्याकडच्या पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलता तोलताच ओल धरतात, म्हणून काट्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. द्रावण करून ऑक्झॅलिक आम्लाच्या ज्ञात द्रावणाशी त्याचे अनुमापन करावे, म्हणजे ते नेमके किती आम्लाला पुरते हे मोजून त्याची खरी तीव्रता काढावी. मात्र प्रयोगशाळेत मिळणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांतही पाण्याचे दोन रेणू असतात, तेव्हा रेणुवस्तुमान ९० नव्हे, १२६ धरावे, आणि त्याच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात, हेही हिशेबात घ्यावे.