आजच्या शहरातला भुताखेतांचा ऑनलाइन गेम येतोय म्हणे, मग पैसे कधी टाकायचे?

ट्रेलर बघितला की माझं लगेच सुरू होतं. मोबाइल, मेट्रो, एटीएम सगळं आत्ताचंच आणि त्याच गल्लीच्या टोकाला कोणीतरी उभंय जिचे पाय उलटे आहेत. तलवार-ड्रॅगनवाल्या गेममधे ही मजा नाही, तिथे ड्रॅगन असणारच ना, पण आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या कोपऱ्यावर पिंपळावर मुंजा बसलाय आणि खाली डिलिव्हरीवाला पोरगा त्यालाच फ्लॅट नंबर विचारतोय, हे जास्त फाडतं. रात्री दीडला सराफ्यातून खाऊन निघायचं, गाडी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे त्या जुन्या समाध्यांवरून काढायची, नदीचा तो वास आणि काळे दगडी खांब, मला तर दरवेळी वाटतं की इथे कोणीतरी एक क्वेस्ट, म्हणजे गेममधली मोहीम, ठेवायला हवा होता.

तर असा गेम जाहीर झाला की मी काय करतो ते एकदाच लिहून टाकतो, मावसभावाने चारदा विचारलंय आणि व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखली.

मोबाइलमधे नोट उघडा, दोन रकाने करा, एकावर 'दाखवलं', दुसऱ्यावर 'सांगितलं'. मग ट्रेलर, मुलाखती, जे काय येईल ते बघत बघत भरत जा. एका माणसाने पावसात एका रस्त्यावर शॉटगन चालवली आणि स्क्रीनवर हेल्थ बार दिसत होता, हे दाखवलं. 'तुमच्या प्रत्येक निर्णयाने जग बदलेल' हे सांगितलं. कटसीन, म्हणजे आपण न खेळता नुसता बघायचा सिनेमासारखा तुकडा, कुठेच लिहायचा नाही, तो कितीही भारी असला तरी. 'द डे बिफोर' नावाच्या गेमचं आठवतंय का, त्याच्या दुसऱ्या रकान्यात अख्खं खुलं ऑनलाइन जग होतं, ७ डिसेंबर २०२३ ला गेम आला, चार दिवसांत स्टुडिओने दुकान बंद केलं आणि २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हरही गेले. तो झॉम्बीवाला होता, आपल्या जातीचा नाही, पण रकाने तेच.

आपल्या जातीतला खरा अभ्यास करायचा तर 'द सीक्रेट वर्ल्ड'चा करा. नॉर्वेची फनकॉम कंपनी, रिलीज ३ जुलै २०१२. टेम्पलर लंडनचे, इल्युमिनाटी न्यूयॉर्कचे, ड्रॅगन सोलचे, तिघांतला एक पक्ष निवडायचा आणि सुरुवात किंग्जमाउथ नावाच्या धुक्यातल्या गावात. क्लास (योद्धा, जादूगार असा ठरलेला साचा) नाही, लेव्हल नाही, नऊ प्रकारची हत्यारं आणि पाचशेच्या वर स्किल, त्यातली सात ॲक्टिव्ह (बटण दाबून वापरायची) सात पॅसिव्ह (आपोआप चालणारी) घेऊन फिरायचं. रिलीजच्या आधी आम्ही सगळे पागल झालो होतो आणि शंका पण तेव्हाच होत्या, कारण याच कंपनीच्या २००८ च्या 'एज ऑफ कॉनन'मधे पहिल्या वीस लेव्हल, ते टॉर्टाज बेट, प्रत्येक माणूस बोलतो, कथा मस्त, आणि बेटावरून बाहेर पडलं की आवाज पण गायब आणि क्वेस्ट पण विरळ.

म्हणून माझा दुसरा नियम, विसाव्या तासाचा व्हिडिओ शोधा, तो येईपर्यंत थांबा. सुरुवातीचा भाग सगळेच चकाचक करतात, आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की समोरची खोली आवरतात तसं. बीटा, म्हणजे रिलीजच्या आधीची चाचणी, चालू झाला की 'पहिले तीस मिनिट' वाले व्हिडिओ सोडून द्या, जो माणूस कंटाळलेल्या आवाजात तिसऱ्या एरियात तीच ती मारामारी करतोय त्याला ऐका. सीक्रेट वर्ल्डमधे पण मनाला येईल ती स्किल गोळा करत किंग्जमाउथ सहज पार व्हायचं आणि ब्लू माउंटनला पोचलं की बऱ्याच जणांचं गाडं अडायचं, कारण 'क्लास नाही' याचा अर्थ चुकीचं पात्र बनवायची पण पूर्ण मोकळीक. पुढच्या वेळी कोणी 'संपूर्ण स्वातंत्र्य' म्हणालं की एकच विचारा, चुकलं तर स्किल परत बदलता येतात का आणि फुकट की पैसे देऊन.

आता एक गोष्ट अशी आहे जिथे माझाच 'थांबा' वाला सल्ला लंगडा पडतो. सीक्रेट वर्ल्डची जान होती तपासाच्या मोहिमा. गटाराच्या झाकणांवर इल्युमिनाटीचं चिन्ह, त्याच्या मागे मागे गावभर चालायचं, आणि काही कोडी अशी की गेमच्याच आत ब्राउझर दिलेला, खऱ्या इंटरनेटवर जाऊन शोधा. मी वही घेऊन बसलेलो, आई म्हणाली परीक्षा आहे का. पण दोन आठवड्यांनी तोच शब्द सर्च केला की सुराग नाही, सरळ उत्तरच समोर यायचं. म्हणजे कोड्यांसाठी घेत असाल तर पहिल्या आठवड्यातच खेळा, त्याचा स्वाद पोह्यांसारखा आहे, गार झाला की गेला. मारामारी आणि गिल्डसाठी (खेळाडूंची टोळी) घेत असाल तर खुशाल तीन महिने थांबा, चुका दुरुस्त करणारे पॅच येऊ द्या.

आणि ही भीती गर्दीत टिकते का हे पण बघायचं. तुम्ही स्मशानात उभे, धुकं, लांब घंटा, आणि बाजूला एक जण गुलाबी सशाचे कान घालून उड्या मारतोय. संपलं भिया. स्ट्रीम बघताना मुद्दाम भरलेली जागा बघा, डेव्हलपर रिकाम्या रस्त्यावरच डेमो देतात. कॅश शॉपमधे, म्हणजे गेमच्या आतल्या खऱ्या पैशाच्या दुकानात, काय विकणार याची झलक आली असेल तर त्यावरून पण कळतं सशाचे कान येणार का नाही.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं, थोडक्यात. मुंबईत सर्व्हर आहे का, नसेल तर सिंगापूर आहे का, आणि ओपन बीटा मिळाला तर दुपारी नाही, रात्री नऊ ते अकरात खेळून बघा जेव्हा अख्खी कॉलनी क्रिकेट बघत असते. फक्त युरोप-अमेरिका असेल तर चुकवायचा फटका लागल्यावर चुकवल्याचं दिसतं, मग कथेवर समाधान माना.

पैशाचं मात्र नीट ऐका. सीक्रेट वर्ल्डचा डबा घ्यायचा, वर महिन्याला १४.९९ डॉलर, आणि जन्मभराचं सबस्क्रिप्शन १९९.९९ डॉलरला विकत होते. डिसेंबर २०१२ मधेच, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, महिन्याची फी बंद करून टाकली. २०१७ ला 'सीक्रेट वर्ल्ड लेजेंड्स' म्हणून परत काढला, फुकट, पण जुन्या पात्राची प्रगती आणता आली नाही, नाव आणि काही कपडे तेवढे आले. म्हणून लाइफटाइम नावाची गोष्ट मी गेममधे घेत नाही. आणि काही तर येतच नाहीत, सीसीपी नावाच्या गेम कंपनीने व्हॅम्पायरवाला 'वर्ल्ड ऑफ डार्कनेस' कित्येक वर्षं बनवून एप्रिल २०१४ ला रद्द केला.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेत असाल तर रिलीजच्या आधी प्री-ऑर्डर कधीही परत करता येते, नंतर चौदा दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. पण २०२४ च्या एप्रिलपासून ॲडव्हान्स्ड ॲक्सेसचे (जास्त पैसे देऊन रिलीजच्या आधी खेळायचे) तास पण या दोनात धरतात. मी एकदा असाच 'तीन दिवस आधी खेळा' वाला महाग पॅक घेतला, कोणाचा ते सोडा, पहिल्या रात्री चेहराच बनवत बसलो चाळीस मिनिटं, मग लॉगिनची रांग, गेम चालू असल्यामुळे रांगेतली मिनिटं पण मोजली गेली, सकाळी बघतो तर दोन तास सतरा मिनिटं आणि मारलेली भुतं दोन. तेव्हापासून चेहरा पहिला जो येईल तो, टेंगळावर टेंगूळ असलं तरी चालेल, आणि फोनवर दीड तासाचा अलार्म.

मावसभावाने हे सगळं वाचून काल रात्री मेसेज केला, 'दादा मी ऑर्डर केला, तू कुठल्या पक्षात?' माझ्या नोटमधे 'दाखवलं'च्या खाली आत्ता चार ओळी आहेत, त्यातली एक पावसाची. मी त्याला ड्रॅगन म्हणून सांगितलं.