चिप्सच्या पाकिटाऐवजी डब्यात काय भरून ठेवायचं

संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ असते ना, पोरं क्लासवरून आलेली, आपण ऑफिसमधून, जेवणाला अजून दीड-दोन तास आणि घरात पटकन तोंडात टाकायला काहीच नाही, चिप्सचं पाकीट नेमकं तेव्हा फुटतं. आमच्याकडे बरीच वर्षं हेच चाललेलं. मग नवऱ्याचं बीपी वर गेलं आणि डॉक्टर म्हणाले दिवसभरात मीठ कुठून कुठून पोटात जातं ते आठवडाभर लिहा, तर भाजी-आमटी राहिली बाजूला आणि पाकिटं, फरसाण, पापड, लोणचं हीच यादी लांबत गेली.

मी पहिल्यांदा काकडी-गाजराचे काप करून ठेवायला लागले, कोणी हात लावला नाही. काकडी चांगलीच आहे हो, पण ज्याला कोरडं, खारं-तिखट, कुडुमकुडुम काहीतरी हवंय त्याला काकडी देऊन ती इच्छा भागत नाही, तो काकडी खातो आणि नंतर पाकीटही खातो. म्हणून खाली जे सगळं लिहितेय ते कुरकुरीतच आहे आणि रविवारी तासभर दिला तर आठवडाभर डब्यात तयार राहतं. तयार असणं हेच महत्त्वाचं आहे कारण भूक लागल्यावर कोणी कढई चढवत नाही.

पाकीट आधी उलटं करून वाचा

पुढची बाजू सोडून द्या, मागची बघा. घटकांची यादी वजनाने जास्त ते आधी अशा क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे बटाट्यानंतर लगेच पामोलिन तेल आलं तर काय ते समजा. साध्या बटाटा चिप्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ५३० ते ५६० कॅलरी आणि ३३ ते ३५ ग्रॅम फॅट असतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या एका पाकिटात १६-१७ ग्रॅम तेल, चहाच्या चमच्याने जवळपास साडेतीन-चार चमचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोडियम लिहिलेलं असेल तर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अंदाजे १ ग्रॅम मीठ असा हिशोब करायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात आमटी-भाजी-भाकरी सगळं आलं. आणि "मल्टीग्रेन", "डाएट चिवडा", "नाचणी चिप्स" असं लिहिलेलं बघून घेऊ नका, त्यातले कितीतरी प्रकार तळलेलेच असतात, तिथेही फॅटचा आकडाच बघायचा.

चुरमुऱ्याचं भडंग, कमी तेलातलं

कोणी कुरमुरे म्हणतं कोणी मुरमुरे, आमच्या माहेरी सोलापूरकडे चुरमुरे. सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूरचं भडंग ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, चिप्सला खरी टक्कर देणारी ही एकच गोष्ट आहे असं मला वाटतं कारण त्यात लसूण, तिखट, आंबटगोड सगळं बसतं.

१०० ग्रॅम चुरमुरे घ्या, हे दिसायला मोठं पातेलंभर होतात. तेल चहाचे ४ चमचे. म्हणजे एका पाकिटातलं तेल आणि अख्ख्या डब्याचं तेल सारखंच, आणि डबा चौघांना दोन-तीन दिवस पुरतो.

आधी चुरमुरे कोरड्या रुंद कढईत मंद गॅसवर ५-६ मिनिटं परता. एक उचलून बोटात दाबायचा, चुरा झाला पाहिजे, चपटा झाला तर अजून भाजा. उन्हाळ्यात ताटात पसरून दोन तास कडक उन्हात ठेवले तरी चालतं. ही पायरी कोणी सोडू नका, बऱ्याच जणांचं भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतं ते इथेच. मूठभर शेंगदाणे वेगळे कोरडेच भाजून घ्या, तळायची गरज नाही.

मग तेल तापवून मोहरी, हिंग, आणि ८-१० लसूण पाकळ्या सालासकट ठेचून टाका. गॅस बारीक. लसूण पूर्ण कुरकुरीत तांबूस होईपर्यंत थांबायचं, घाई केली तर लसणातलं पाणी आत राहतं आणि तेच नंतर चुरमुरे सादळवतं. कढीपत्त्याचंही तसंच, धुवून पुसून कोरडा केलेला टाका आणि हातात घेतला की मोडला पाहिजे इतका होऊ द्या. आता गॅस बंद, मिनिटभर थांबून पाव चमचा हळद, एक चमचा लाल तिखट टाका (गॅस चालू असताना तिखट टाकलं की करपतं आणि सगळं कडवट होतं), लगेच चुरमुरे आणि दाणे. हाताने किंवा दोन उलथन्यांनी वरखाली करत राहा, तेल कमी आहे त्यामुळे सगळीकडे लागायला दोन-तीन मिनिटं जातात, धीर धरा. परत मंद गॅसवर ३-४ मिनिटं परतलं की झालं.

मीठ सगळ्यात शेवटी. अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा साखर मिक्सरला एकदम बारीक फिरवून वरून भुरभुरवा. बारीक मीठ वरच राहतं आणि जिभेला लगेच लागतं म्हणून कमी मिठात जास्त खारट वाटतं. जाडं मीठ टाकलं की ते तळाशी जाऊन बसतं, मग वरचं अळणी आणि खालचं खारट.

लसूण नको असेल तर त्याऐवजी दोन चमचे मेतकूट घाला, माझ्या सासूबाईंना तेच आवडतं. पातळ पोह्यांचा चिवडाही याच पद्धतीने, फक्त पोहे आधी भाजताना फार हलवायचे नाहीत नाहीतर आकसतात आणि तुकडे पडतात.

ज्वारीच्या लाह्या

नागपंचमीला लाह्या घरी येतात, वाटल्या जातात आणि मग वर्षभर आपण विसरून जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. दुकानातल्या पॉपकॉर्नला लोणी आणि मीठ चोपडलेलं असतं, त्यापेक्षा या हलक्या, अख्खं धान्य फुललेलं. घरी करायच्या तर सगळीच ज्वारी फुलत नाही, आणि लोखंडी कढई चांगली सणसणीत तापलेली लागते, मूठ-मूठच टाकून फडक्याने हलवायची. मी आता भडभुंजाकडून तयार आणते, जवळ भट्टी असेल तर विचारून बघा. घरी आणल्यावर खडे आणि न फुललेले दाणे चाळून घ्या, ते दाताखाली आले तर दात हलतो. एक चमचा साजूक तुपात हिंग-जिरं-हळद करून लाह्या परतल्या की पाच मिनिटांत वाटीभर खाणं तयार. राजगिऱ्याच्या लाह्याही तशाच, पण त्या इतक्या बारीक की मुठीने खाताना सांडतात, दह्यात बऱ्या.

फुटाणे आणि शेंगदाणे

यात करायचं काहीच नाही, आणून डब्यात भरायचं. फुटाण्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॅट ५-६ ग्रॅम, मूठभर खाल्ले की जेवणापर्यंत पोट धरून राहतं, चिप्सने ते होत नाही म्हणून तर दुसरं पाकीट फुटतं. सालासकट घ्या, पंढरपुरी डाळं दुसरा पर्याय. पिवळे खारे फुटाणे मिठाचे असतात, बीपीवाल्यांनी साधे घ्यावेत.

शेंगदाण्याचं मात्र स्पष्ट सांगते. १०० ग्रॅमला ५६० च्या पुढे कॅलरी, म्हणजे चिप्सइतक्याच. तेल चांगल्या प्रकारचं आहे, प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास आहे, सगळं खरं, पण डबा मांडीवर घेऊन टीव्ही बघत बसलात तर हिशोब तोच. एक मूठ, बस. आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊच नका, घशात अडकायची खरी भीती असते, त्यांना कूट किंवा लाडू.

शिळ्या पोळीचे चिप्स

रात्रीच्या दोन पोळ्या उरल्या की फोडणीची पोळी होते, त्याऐवजी हे एकदा करा. पोळीवर अर्धा चमचा तेल बोटाने पुसायचं, वरून जिरेपूड, तिखट, चिमूटभर मीठ, कात्रीने त्रिकोण कापायचे आणि तव्यावर अगदी मंद आचेवर फडक्याने दाबत दोन्ही बाजूंनी कडक करायचे. ५-७ मिनिटं लागतात. गरम असताना मऊच वाटतील, गार झाल्यावर कडक होतात. खाकऱ्याची जातच ही. माझी मुलगी हे टोमॅटोच्या चटणीत बुडवून खाते आणि डब्यातही नेते.

यावरून आठवलं, सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची नाहीतर बाजरीची पातळ भाकरी भाजून वाळवून कडक केलेली, तेलाचा थेंब नाही, कितीतरी दिवस टिकते. तुकडा मोडून शेंगा चटणी आणि दही, याच्यापुढे मला कुठलंही पाकीट आवडत नाही. आता पुण्या-मुंबईतही पाकिटातून मिळते, कडक भाकरीचं पाकीट खुशाल आणा.

नाचणीच्या टिकल्या, ओव्हन असेल तर

एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा, तिखट, मीठ, तीन चमचे तेल चोळून आणि थोडं दही-पाणी घालून घट्ट भिजवा. नाचणीला चिकटपणा नसतो म्हणून कणीक लागतेच. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये जमेल तितकं पातळ लाटा, जाड राहिलं तर मध्ये मऊ पडतं आणि बिस्किटासारखं लागतं. काट्याने टोचे मारा नाहीतर पुरीसारखं फुगतं. झाकणाने गोल किंवा सुरीने शंकरपाळे कापून १७० डिग्रीला १२ ते १५ मिनिटं. नाचणी मूळचीच तांबूस-काळपट, रंगावरून काही कळत नाही, त्यामुळे १० मिनिटांनंतर एक काढून गार करून मोडून बघा. पिठूळ पदार्थ १२० डिग्रीच्या वर भाजला-तळला की त्यात ॲक्रिलामाईड नावाचं, कॅन्सरचा धोका वाढवत असल्याचा संशय असलेलं रसायन तयार होतं, २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे दाखवलं आणि चिप्सचं नाव त्यात पुढे होतं, पण ओव्हनमध्ये करपवलं तरी तेच होणार, तेव्हा खरपूस म्हणजे काळं नाही. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर, वेळ दुप्पट लागतो.

एअर फ्रायरवाल्यांसाठी छोले पण मस्त होतात, रात्रभर भिजवून उकडून फडक्यावर पूर्ण कोरडे करायचे मग १८० ला २० मिनिटं हलवत हलवत, फक्त त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी चिवट होतात.

मखाणे चांगलेच, चमचाभर तुपात मंद आचेवर १० मिनिटं, पण महाग आहेत आणि मिथिलेचं ते पीक आपल्याकडे येईपर्यंत भाव चढलेला असतो. घरात फुटाणे-लाह्या असताना रोज मखाणेच हवेत असं काही नाही. पापड भाजून खाल्ला तर तेल वाचतं, मीठ आणि पापडखार वाचत नाही, बीपी असलेल्या घरात हा रोजचा खाऊ करू नका. खानदेशातले ज्वारीचे बिबडे मात्र भाजून फार सुंदर लागतात, आम्ही जळगावहून मागवतो आणि तेही अधूनमधूनच.

पोरांना सवय कशी लावायची

एकदम बंदी घातली की ती शाळेबाहेर खातात. आम्ही आठवड्यात एक वार ठरवला, शनिवारी पाकीट आणायचं आणि ते वाटीत ओतून खायचं, पाकिटात हात घालून नाही, कारण पाकिटात किती संपलं ते दिसतच नाही. पहिल्या महिन्यात निम्मे चिप्स निम्मे भडंग असं एकत्र करून द्यायचे, मग हळूहळू चिप्स कमी.

त्यांना आवडतो तो पाकिटातला मसाला. तो घरी करता येतो, आमचूर एक चमचा, धने-जिरे पूड एक चमचा, लसूण पावडर अर्धा, पिठीसाखर एक, तिखट पाव, मीठ अर्धा, सगळं कोरड्या मिक्सरमध्ये बारीक करून बरणीत. चुरमुरे, मखाणे, पोळीचे चिप्स, कशावरही चिमूटभर. आणि भुरभुरवायचं काम त्यांनाच द्या, स्वतः केलेलं पोरं आवडीने खातात.

ठेवायचं कसं

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरली की संपलं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, ओला हात घालायचा नाही, छोट्या डब्यात दोन दिवसांचं काढून मोठा डबा बंद ठेवा. पावसाळ्यात एका वेळी कमीच करा. सादळलंच तर परत कोरड्या कढईत मंद गॅसवर ४-५ मिनिटं, पहिल्यासारखं होतं. पण दाण्यांना खवट वास आला असेल तर भाजून काही उपयोग नाही, ते टाकून द्या.